नव्या व्यासपीठाचा आचारधर्म

आज आषाढ शुद्ध पौर्णिमा, व्यासपौर्णिमा. घरोघरी गुरुपूजन होईल, मठामंदिरांतून प्रवचने व कीर्तने होतील, आणि ज्या महर्षींनी वेदांची व्यवस्था लावून पुराणांचे भांडार सर्वसामान्यांसाठी खुले केले त्यांचे स्मरण होईल. पुराण सांगणारा ज्या आसनावर बसतो त्याला आपल्या पूर्वजांनी व्यासपीठ असे नाव दिले. त्या नावातच एक शिस्त आहे. आसनावर बसणारा कितीही विद्वान असो, तेवढ्या वेळापुरता तो स्वतःच्या नावाने बोलत नाही. व्यासांच्या वतीने बोलतो. कीर्तनकारही नारदांच्या गादीवर उभा राहतो. गादीवर असेतोवर त्याला वडीलधारी माणसेही वंदन करतात, आणि गादी सोडताच तोच त्यांच्यापुढे वाकतो. मान गादीचा असतो, हे त्याला ठाऊक असते व श्रोत्यांनाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ह्या गादीच्या शेजारी एक नवे व्यासपीठ उभे राहिले आहे, आणि ते प्रत्येकाच्या खिशात आहे. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ही नावे आता खेड्यापाड्यांतही परकी उरलेली नाहीत. सकाळची देवपूजा आटोपण्यापूर्वीच कोणा महाराजांचे वचन, कोणा आचार्यांचे चित्र, कोणा कीर्तनकाराचा अर्ध्या मिनिटाचा विनोद घरात येऊन पोहोचतो. नातवंडांच्या कानी धर्माचा पहिला शब्द आजीच्या मांडीवर पडतो की ह्या पडद्यावरून, हे आता खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा ह्या नव्या पीठावरून बोलणाऱ्या धर्मगुरूंचा आचार कसा असावा, हा प्रश्न आजच्या दिवशी विचारण्याजोगा आहे.

त्याचा विचार आम्ही ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या अनुभवावरून करणार आहो. व्यासपौर्णिमेच्या पानावर चर्चची चर्चा कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, समुद्र आहे; तसा अजगर आहे, कोळी आहे, पतंगही आहे. ज्याच्यापासून घेण्यासारखे दिसले त्याच्यापासून अवधूताने घेतले. त्याचे कुलगोत्र विचारले नाही. रोमची धर्मसंस्था जगातील अतिप्राचीन संस्थांपैकी एक. नव्या माध्यमांविषयी तिने जवळजवळ शंभर वर्षे सतत विचार केला, तो लिहून ठेवला, आणि तिचे यश, तिच्या चुका व त्यांच्या दुरुस्त्या साऱ्या जगासमोर घडल्या. पुढच्यास ठेच लागली असता मागच्याने शहाणे व्हावे, एवढाच आमचा हेतू.

नभोवाणीपासून पडद्यापर्यंत

दिनांक १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांच्या हस्ते व्हॅटिकनच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. ते केंद्र उभारून दिले बिनतारी संदेशवहनाच्या क्षेत्रातील विख्यात मार्कोनी यांनी. पुढे १९६३ साली रोमच्या धर्मपरिषदेने संपर्कमाध्यमांविषयी एक स्वतंत्र आदेश काढला, आणि १९६७ पासून दरवर्षी एक दिवस ह्याच विषयाच्या चिंतनासाठी राखून ठेवला. त्या निमित्ताने पोपचा एक लेखी संदेश दरवर्षी निघतो. माध्यम आले की धावत जाऊन त्यावर चढावे, एवढेच त्यांनी केले नाही. चढण्यापूर्वी व चढल्यानंतरही ते विचार करीत राहिले.

ह्यातली एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष भावेल. १९५८ साली पोप बारावे पायस यांनी असिसी येथील संत क्लारा हिला दूरचित्रवाणीची संरक्षक संत म्हणून घोषित केले. तेराव्या शतकातील ही साध्वी आजारपणामुळे नाताळच्या रात्री प्रार्थनेस जाऊ शकली नाही, तेव्हा तो सारा विधी तिला आपल्या खोलीतच दिसला, अशी कथा आहे. आपणांस येथे सहजच संजयाची आठवण होईल. परंतु संजयाच्या कथेत आणखी एक मर्म आहे, आणि आजच्या आमच्या लेखाचा तोच गाभा आहे. भगवंतांची गीता दोघांच्या कानी पडली. अर्जुनाने ती समोर बसून ऐकली, आणि तो उठला. धृतराष्ट्राने तीच गीता संजयाच्या मुखातून, राजवाड्यात बसून ऐकली. शब्द तेच, अर्थ तोच, सांगणाराही प्रामाणिक. पण धृतराष्ट्र जागचा हलला नाही. ऐकून उठणारा एक आणि ऐकून बसून राहणारा एक, असे हे दोन श्रोते आहेत. धर्मगुरूने नव्या माध्यमाचा उपयोग चांगला केला की वाईट, हे ठरविण्याची कसोटी आमच्या मते ह्यातच आहे: त्या शब्दाने श्रोता उठला, की अधिकच बसला?

पॉन्टिफेक्स आणि पथिकृत्

दिनांक १२ डिसेंबर २०१२ रोजी पंच्याऐंशी वर्षांचे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तेव्हाच्या ट्विटरवर, म्हणजे आज ज्याला एक्स म्हणतात त्या माध्यमावर, पहिला संदेश धाडला. त्या खात्याला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. 'पॉन्टिफेक्स' ही रोमन धर्माधिकाऱ्यांची जुनी पदवी दिली. लॅटिन भाषेत ह्या शब्दाचा प्रचलित अर्थ सेतू बांधणारा असा करतात. त्यातील पूल ह्या अर्थाचा जो शब्द आहे, त्याचे नाते भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातील 'पन्था', म्हणजे वाट, ह्या शब्दाशी लावतात. ऋग्वेदात पूर्वज ऋषींना 'पथिकृत्', वाट करून देणारे, असे म्हटले आहे. दोन दूरच्या देशांतील दोन परंपरांना धर्मगुरूचे काम एकच दिसले: वाट करून देणे. वाट करून देणारा मनुष्य वाटेच्या मधोमध स्वतःच उभा राहिला तर वाट बंद होते, हे सांगावयास नको.

पुढे दोनच महिन्यांनी एक प्रसंग घडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये बेनेडिक्ट यांनी पदत्याग केला. त्यांच्या मागे त्या खात्याचे काय झाले? ते त्यांच्याबरोबर गेले नाही. त्यांचे जुने संदेश दप्तरी ठेवण्यात आले, आणि नवा पोप निवडला जाईपर्यंत त्या जागी आसन रिक्त असल्याची लॅटिन पाटी झळकली. मार्च २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस आले आणि त्यांनी तेच खाते पुढे चालविले. २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. ८ मे २०२५ रोजी लिओ चौदावे निवडून आले आणि तेच खाते त्यांच्याकडे आले. नऊ भाषांत मिळून ह्या खात्याचे अनुयायी तोवर पाच कोटींवर गेले होते. इतका मोठा श्रोतृवर्ग एका पीठाकडून दुसऱ्या माणसाकडे गेला, आणि त्यावर कोणाही व्यक्तीने मालकी सांगितली नाही.

आमच्याकडे ह्याचा विचार व्हावा. आज कित्येक मठ, संस्थाने व फडांची खाती कोणा एका व्यक्तीच्या नावाने, किंवा कोणा उत्साही तरुण भक्ताच्या दूरध्वनी क्रमांकावर चालतात. महाराज गेले, भक्त दुरावला, की वर्षानुवर्षांची प्रवचने कोणाच्या हाती आहेत हे शोधत बसावे लागते. नारदांची गादी कोणाच्या नावावर चढत नाही. नव्या गादीलाही तोच न्याय लावला पाहिजे.

सूत्र आणि भाष्य

बेनेडिक्ट यांनी आरंभ केला तेव्हा त्या माध्यमावर एका वेळी १४० अक्षरेच लिहिता येत. २०१७ मध्ये ती मर्यादा २८० झाली. थोड्या अक्षरांत मोठा अर्थ सांगण्याची कला संस्कृत पंडितांना नवी नाही. अर्धी मात्रा वाचली तर पुत्रजन्माइतका आनंद मानणारे वैयाकरण आमच्याच परंपरेतले. पण सूत्र रचणाऱ्यांनी ते मोकळे सोडून दिले नाही. सूत्रामागे वृत्ती आली, वृत्तीमागे भाष्य आले, आणि भाष्य उलगडून सांगणारा गुरू समोर बसला. पाणिनींच्या मागे पतंजली उभे आहेत म्हणून पाणिनी कळतात.

आजच्या माध्यमात सूत्र आहे आणि भाष्य गळून पडले आहे. कीर्तनाचेच पाहा. नारदीय कीर्तनात नमनानंतर पूर्वरंग होतो. तेथे सिद्धांत मांडावयाचा. मग नामगजर, आणि त्यानंतर उत्तररंगात त्या सिद्धांताला दृष्टान्त म्हणून आख्यान लावावयाचे. उत्तररंगातील विनोद हा पूर्वरंगातील विचाराचा सेवक आहे. अडीच तासांच्या कीर्तनातून अर्धे मिनिट कापून काढले, की तो सेवकच धनी होऊन बसतो. सुनेवर केलेला एखादा शेरा, एखाद्या जातीच्या बोलीची नक्कल, पूर्वपक्ष म्हणून मांडलेले एखादे खोटे मत, ह्यांचे पुढचे खंडन गळून जाते आणि तेवढेच कीर्तनकाराचे मत म्हणून गावभर फिरते. कापणारा दोषी आहेच. पण कापले जाणार हे ठाऊक असता तसेच बोलणारा, किंवा कापले जावे म्हणूनच तसे बोलणारा, तो अधिक दोषी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या आपल्या वार्षिक संदेशाचा विषय खोट्या बातम्या हाच निवडला होता. बायबलच्या आरंभी सर्प स्त्रीला भुलवितो, ती कथा त्यांनी त्या दृष्टीने उलगडली. सर्प सारेच खोटे बोलत नाही. खऱ्यात थोडे खोटे मिसळतो, म्हणून ते पटते, असे त्यांचे विवरण आहे. आपल्या वाचकांना 'नरो वा कुंजरो वा' आठवेल. अश्वत्थामा मेला हे वाक्य खरेच होते. मागचे शब्द द्रोणांना ऐकू आले नाहीत. कापलेल्या वाक्याने एक गुरू रणांगणावर शस्त्र टाकतो, हे व्यासांनीच आपणांस दाखवून ठेवले आहे.

बंद केलेला पडदा

२०२० हे वर्ष सर्वच धर्मांच्या परीक्षेचे होते. देवळे बंद, चर्चे बंद, मशिदी बंद. २७ मार्च २०२० च्या सायंकाळी पावसात भिजणाऱ्या, निर्मनुष्य अशा सेंट पीटरच्या चौकात पोप फ्रान्सिस यांनी जगासाठी प्रार्थना केली, ते दृश्य घरोघरी पडद्यावर पाहिले गेले. ९ मार्चपासून त्यांची रोजची सकाळची उपासनाही प्रक्षेपित होऊ लागली होती, आणि घरात कोंडलेल्या असंख्य लोकांना तिचा आधार वाटत होता.

अशा वेळी दुसऱ्या कोणी हा श्रोतृवर्ग घट्ट धरून ठेवला असता. १७ एप्रिलच्या प्रवचनात फ्रान्सिस यांनी उलटेच सांगितले. ईस्टरची उपासना रिकाम्या मंदिरात होणार म्हणून एका बिशपने आपली कानउघाडणी केली, हे त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले. पडद्यावरची ही जवळीक संकटापुरती आहे. समुदाय नाही, एकत्र घेतलेला प्रसाद नाही, अशी भक्ती प्रत्येकाची खासगी होऊन बसते, असा त्यांचा इशारा होता. आणि १८ मे २०२० रोजी, इटलीतील चर्चांत लोकांना पुन्हा जाता येऊ लागले त्या दिवशी, त्यांनी ते रोजचे प्रक्षेपण थांबविले. लोकांनी आपापल्या चर्चमध्ये जावे, हा त्यामागचा हेतू. आमच्या कसोटीला हे उदाहरण उतरते. श्रोते हाती असता त्यांना उठवून दाराकडे धाडणे, ही गोष्ट कोणत्याही लोकप्रिय मनुष्यास सोपी नसते.

त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस. टी.च्या गाड्यांतून पंढरीस गेल्या. २०२१ मध्येही तसेच झाले. वारकऱ्यांनी घरीच टाळ धरला आणि पडद्यावर विठुरायाचे दर्शन घेतले. ते योग्यच होते. पण २०२२ च्या आषाढीला वाट मोकळी झाली तेव्हा दिंड्या पुन्हा पायी निघाल्या. घरबसल्या दर्शन होते म्हणून वारी कोणी सोडली नाही. आमच्या साध्या वारकऱ्याला जे चालता चालता उमगले, तेच रोमच्या धर्मगुरूंनी विचाराने ठरविले. २८ मे २०२३ रोजी व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने समाजमाध्यमांविषयी एक चिंतनपत्रिका काढली, तीतही पडद्यावरून एकत्र जेवता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

ह्या पत्रिकेचा सारा आधार येशूने सांगितलेल्या एका दृष्टान्तावर आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका वाटसरूला चोरांनी लुटून, मारून अर्धमेला टाकला. त्या वाटेने एक याजक आला, त्याने पाहिले आणि तो पलीकडून निघून गेला. मंदिरातला दुसरा सेवकही तसाच गेला. परका मानला गेलेला एक शोमरोनी मात्र थांबला, त्याने जखमा बांधल्या व त्याला धर्मशाळेत नेऊन पोहोचविले. समाजमाध्यमांच्या हमरस्त्यावर कितीजण असे पडलेले आहेत आणि आपण त्यांना पाहून पुढे सरकतो का, असा ह्या पत्रिकेचा प्रश्न आहे. धर्मगुरूंच्या हाती दिलेल्या ह्या कथेत पाहून पुढे जाणारा पहिला मनुष्य धर्मगुरूच आहे, हे लक्षात घ्यावे.

जमाव आणि क्षमा

ह्या माध्यमाचे भयंकर रूप १५ एप्रिल २०२४ रोजी ऑस्ट्रेलियात दिसले. सिडनीच्या पश्चिमेस वेकली येथील एका अ‍ॅसिरियन चर्चमध्ये बिशप मार मारी इमॅन्युएल प्रवचन करीत होते आणि ते प्रवचन थेट प्रक्षेपित होत होते. ह्या बिशपांची प्रवचने समाजमाध्यमांवर दूरवर पोहोचलेली, आणि काही मतांमुळे वादग्रस्तही. एका अल्पवयीन मुलाने पुढे येऊन त्यांच्यावर चाकूने वार केले. घरोघरी भाविकांनी ते डोळ्यांदेखत पाहिले. थोड्याच वेळात चर्चबाहेर मोठा जमाव गोळा झाला, पोलिसांवर दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले. ते दृश्य हटवावे की नाही ह्यावर ऑस्ट्रेलियाच्या शासकीय अधिकारिणीचा आणि एक्स कंपनीचा वाद न्यायालयात गेला. जून २०२४ मध्ये अधिकारिणीने तो मागे घेतला.

तीनच दिवसांनी बिशपांनी रुग्णालयातून आपल्या आवाजात एक संदेश प्रसृत केला. हल्ला करणाऱ्यास आपण क्षमा केली आहे, तो आपल्याला मुलासारखा आहे, अनुयायांनी सूड घेऊ नये, कायदा पाळावा, असे त्यात सांगितले होते. ज्या वाटेने क्रोध पसरला त्याच वाटेने क्षमाही आली. पण ह्यातील वेळेचे अंतर पाहावे. जमाव जमावयास फार वेळ लागला नाही. क्षमेचा शब्द येण्यास तीन दिवस लागले, आणि तो शब्द उच्चारण्यासाठी जखमी मनुष्यालाच उठावे लागले. धर्मगुरूच्या शब्दाने श्रोता उठतो खरा, पण हातात दगड घेऊन उठणे आणि हात जोडून उठणे ह्यांत अंतर आहे. म्हणून आमच्या कसोटीत एक पद आम्ही वाढवितो: श्रोता उठला, तर कोणाकडे आणि कशासाठी गेला?

नियम कागदावरचे आणि आचरणातले

इंग्लंडच्या चर्चने १ जुलै २०१९ रोजी समाजमाध्यमांसाठी एक लेखी आचारसंहिता जाहीर केली. कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी ती लंडनमध्ये खुद्द फेसबुकच्या कचेरीत प्रसिद्ध केली. तिचा आशय कोणाही गृहस्थाला पटावा असा आहे: दुसऱ्याच्या सुरक्षेला धक्का लावू नका, आदराने व दयेने बोला, खरे बोला, मतभेद सभ्यपणे मांडा, दुसऱ्याचे घेतले तर त्याचे श्रेय द्या, आणि जे बोललात त्याची जबाबदारी स्वीकारा. भगवंतांनी गीतेत जे वाङ्मय तप सांगितले, उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे, तेच येथे आजच्या व्यवहारभाषेत आले आहे.

परंतु ह्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये वेल्बी यांना पदत्याग जाहीर करावा लागला. चर्चशी संबंधित एका इसमाने पूर्वी मुलांवर केलेल्या अत्याचारांचे प्रकरण वरिष्ठांनी जसे हाताळावयास हवे होते तसे हाताळले नाही, असा चौकशीचा अहवाल आला होता. पडद्यावरील शब्दांसाठी उत्तम नियम आणि प्रत्यक्ष घरात दुर्बलांच्या रक्षणात ढिलाई, असे चित्र जगापुढे आले. माध्यमाची कितीही निगा राखली तरी आचरणातील भेग त्याने बुजत नाही. उलट सर्वांना दिसते.

दुसरे संकट अधिक नवे आहे. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे एका फुगीर पांढऱ्या कोटातील चित्र जगभर फिरले. तो कोट त्यांनी कधी घातलाच नव्हता. ते चित्र यंत्राच्या कृत्रिम बुद्धीने रचले होते. २०२५ मध्ये लिओ यांच्या तोंडी त्यांनी कधी न केलेली भाषणे घालून बनविलेल्या फिती पसरल्या. कोटाच्या चित्राला लोक हसले. भाषणाच्या फितीला हसण्याजोगे काही नाही. उद्या एखाद्या पूज्य आचार्यांच्या आवाजात कोणी दंगलीची हाक दिली, किंवा देवस्थानाच्या नावाने देणगीचे खोटे खाते पाठविले, तर आपल्या घरातील वृद्ध माणूस ते कसे ओळखणार? ह्यावर एकच जुना उपाय आहे: मूळ पीठाकडे जाऊन विचारणे. ज्या पीठाचे खाते एक, अधिकृत आणि सर्वांना माहीत आहे, त्याच्याकडे विचारता येते. जेथे एका महाराजांच्या नावे पन्नास खाती आहेत, तेथे विचारावे कोणाला?

मराठी मुलखातले धडे

ख्रिस्ती धर्मगुरू आणि लोकमाध्यम ह्यांचा संबंध आपल्या भूमीला नवा नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. लोकांना पुराण ऐकण्याची सवय आहे, ओवी त्यांच्या कानात आहे, हे ओळखून त्यांनी तेच माध्यम उचलले. त्यांच्या मराठीवरील प्रेमाबद्दल आम्हांस आदर आहे. त्याच सोळाव्या शतकात त्याच गोव्यात सत्तेच्या बळावर देवळे पाडली गेली, हेही इतिहासात नोंदलेले आहे, आणि कित्येक कुळांची दैवते तेव्हा नदीपलीकडे हलविली गेली. गोड ओवी आणि कठोर राजाज्ञा एकाच काळी नांदू शकतात. म्हणून शब्द किती गोड आहे ह्यावरच न थांबता त्यामागे कोणता व्यवहार चालला आहे, हे पाहावे. हा नियम चर्चला लागू आहे तसाच मठालाही लागू आहे.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या नव्या धर्माची उपासना भजन-कीर्तनाच्या वळणावर नेली. जे साधन श्रोत्याच्या अंगवळणी आहे तेच घ्यावे, ही त्यांची दृष्टी. आणि आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी 'सुवार्ता' हे मासिक चालविले आणि ते सर्वधर्मीय मराठी वाचकांसाठी खुले ठेवले. वसईची हिरवाई वाचविण्यासाठी ते लेखणी ठेवून रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथील ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या निवडीवर आक्षेपही आले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. त्यांच्या धर्ममतांशी आपण सहमत असण्याचे कारण नाही. पण ज्या धर्मगुरूचा शब्द वाचून परधर्मीय शेजारीही गावच्या विहिरीसाठी व झाडासाठी उठतो, त्याला माध्यमाचा उपयोग कळला, असे आम्ही म्हणू.

आपण काय करावे

ह्या साऱ्यातून आम्हां व्यासपीठावरच्या मंडळींनी काय घ्यावे? खाते पीठाचे असावे, व्यक्तीचे नसावे. आणि ते एकच असून देवळाच्या भिंतीवर त्याचे नाव लिहिलेले असावे. अर्ध्या मिनिटाचे सूत्र द्यावयाचेच तर त्याखाली पूर्ण कीर्तनाची वाट दाखवावी. समोर बसलेल्या आयाबहिणींच्या तोंडावर जे बोलता येणार नाही, ते पडद्यासमोर बोलू नये. क्रोधाची बातमी आली की आठ प्रहर मौन पाळावे, पण आपल्या श्रोत्यांच्या हातात दगड दिसला तर क्षणाचाही विलंब न लावता शांततेचा शब्द उच्चारावा. आणि प्रत्येक संदेशाच्या शेवटी श्रोत्याला कोठे तरी धाडावे: देवळात, शाळेत, आजाऱ्याच्या उशाशी, भांडलेल्या भावाच्या दारी.

गृहस्थाश्रमी वाचकांचेही काही कर्तव्य आहे. पुराणे ही सारी प्रश्नोत्तरे आहेत. परीक्षितीने विचारले म्हणून शुकांनी सांगितले. शौनकांनी विचारले म्हणून सूतांनी सांगितले. समोर विचारणारा नसेल तर सांगणारा बेताल होतो. तेव्हा आलेला संदेश पुढे धाडण्यापूर्वी विचारावे: हे कोणी म्हटले, कधी म्हटले, कोणत्या संदर्भात म्हटले? उत्तर नसेल तर तो तेथेच थांबवावा. आपल्या घरातून असत्य पुढे गेले नाही, एवढी गुरुदक्षिणाही आजच्या काळात लहान नाही.

अवधूताच्या चोवीस गुरूंत एक कुमारी आहे. घरी पाहुणे आले असता ती आत साळी कांडू लागली, तेव्हा हातातील कांकणे वाजू लागली. घरचे दैन्य बाहेर कळू नये म्हणून तिने ती एकेक करून उतरविली आणि प्रत्येक हातात एकच ठेवले. आवाज थांबला, काम चालूच राहिले. आज आपल्या हातातही पुष्कळ कांकणे झाली आहेत, आणि त्यांच्या आवाजात घरचे दैन्य साऱ्या जगाला ऐकू जाते. त्यांतली काही आज संध्याकाळी उतरवून ठेवावीत. जवळच्या देवळात कीर्तन असेल तर मुलाबाळांना घेऊन तेथे जावे. ज्या शिक्षकाने आपल्याला पहिले अक्षर गिरवावयास शिकविले तो हयात असेल तर त्याच्या घरी जाऊन पायांवर डोके ठेवावे. शुभेच्छांचे चित्र पाठवून ते काम भागत नाही. व्यासांनी शब्द दिला तो मनुष्याने उठावे म्हणून. सर्वांना सन्मती लाभो.